नुसती चव

कॅलरीबाईने तो प्रश्न वाचला तेव्हा दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती आणि जेवणाची घंटा साडेबाराला होती. प्रश्न फोनवरच्या ॲपमध्ये आला होता:

"ताई, दोन आठवडे झाले, हातापायाला मुंग्या येतात. पायात जीव नसल्यासारखं वाटतं. कालपासून छातीत मधेच ठोका चुकतो. जेवण जात नाही, नुसती चव बघतो. मला किडनीचा त्रास आहे, कारखान्यात कुणाला माहीत नाही. हे नव्या मिठामुळे तर नसेल ना? साहेबांना सांगू नका, हात जोडतो."

खाली पाठवणाऱ्याचं नाव होतं: अळणी.

प्रश्न आला होता साडेनऊला, आणि तेव्हापासून सव्वा तासाहून जास्त वेळ ही बाई भाज्यांचा रंगीत तक्ता करत बसली होती. गाजराला नारिंगी कुठला द्यावा, हा तिच्यापुढचा सकाळपासूनचा यक्षप्रश्न होता.

कॅलरीबाई म्हणजे कुणी पोक्त बाई नव्हे. तिशीसुद्धा न गाठलेली आहारतज्ज्ञ. पंख्यांच्या या कारखान्यात तिला लागून आठ महिने झाले होते. दवाखान्याशेजारची खोली तिला दिली होती, तिथे एक टेबल, एक वजनकाटा आणि भिंतीवर एक प्लास्टिकचं सफरचंद. पहिल्याच आठवड्यात तिने एका वेल्डरला विचारलं, "दिवसाला किती कॅलरी खाता?" तो म्हणाला, "बाई, आम्ही जेवण खातो." झालं, तिथेच बारसं होऊन गेलं.

पण पोरगी जिद्दीची. तिने 'ताटली' नावाचं ॲप करून घेतलं. जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढायचा, ॲप त्यात काय आहे ते ओळखतं, आणि ताट बरं असेल तर हिरवी पानं देतं. तीन पानं म्हणजे उत्तम. खरं नाव टाकायची सक्ती नाही, टोपणनावाने खेळा; साहेबांना कळायला नको कोण किती तेलकट खातं. ही अट तिचीच होती आणि तिला तिचा फार अभिमान होता. त्यामुळे ॲपमध्ये 'वाघ' होता, 'सुटलेलं पोट' होतं, 'बायकोला सांगू नका' होता, आणि हा 'अळणी'. तीनशे बारा माणसांपैकी दोनशे नव्वद फोटो काढायला लागली होती. आठ महिन्यांत तिने खरोखरच लोकांच्या ताटात भाजी आणून दाखवली होती, हे तिच्या वैऱ्यानेही कबूल करावं.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी आलं मीठ.

रक्तदाबाची माणसं कारखान्यात पुष्कळ. म्हणून तिने कँटीनमधलं मीठ बदलून घेतलं. कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियम कमी, ते कमी केलेलं भरून काढायला पोटॅशियम. धडधाकट माणसाला उत्तम, रक्तदाबवाल्याला तर औषधच. फक्त ज्याची मूत्रपिंडं थकली आहेत त्याच्या शरीरातून हे पोटॅशियम बाहेर पडत नाही, ते साठत जातं, आणि एका हद्दीपुढे गेलं की हृदयाचे ठोके बिघडवतं. हे तिला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. व्हिडिओत तिने ते सांगितलंही होतं. 'मीठ बदला, घर बदला' असा तो व्हिडिओ, शेवटची ओळ होती, "मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नका." ॲपवाला म्हणाला, "ताई, चाळीस सेकंदांच्या पुढे लोक बोट फिरवून पुढे जातात. सत्तेचाळीस होतायत. ही ओळ खाली 'अधिक माहिती'त टाकू?" आणि ती म्हणाली होती, "टाक."

आता तिने 'अधिक माहिती' किती जणांनी उघडली ते पाहिलं. अकरा वेळा उघडली गेली होती. त्यातल्या नऊ वेळा तिने स्वतःच.

तिने उत्तर लिहिलं. "हो, मिठामुळे असू शकतं. कँटीनचं काही खाऊ नका. आत्ता, या क्षणी हॉस्पिटलमध्ये जा. मी कुणालाही सांगणार नाही. मला फक्त फोन करा." वाचलं की शेजारची खूण हिरवी होते. ती करडीच राहिली. होणार कशी? कामावर येताना सगळ्यांचे फोन कुलुपात पडतात, ते जेवणाच्या सुट्टीत बाहेर निघतात. म्हणजे माणूस उत्तर वाचणार ते ताट समोर घेऊनच, कदाचित फोटो काढताना. वाचलं तर वाचलं.

तिने ॲपवाल्याला फोन लावला.

"अळणी कोण आहे?"

"कोण?"

"टोपणनाव आहे. मला त्याचा नंबर हवाय. आत्ता."

"ताई, नंबर कुलूपबंद आहे. तूच म्हणालीस ना, तुलासुद्धा दिसता कामा नये? काढता येईल, पण कंपनीचं पत्र लागेल. साहेबांच्या सहीचं."

"माणूस मरेल रे!"

"मग सही घे ना. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचं काम, खरंच. पण सही घ्यायची म्हणजे साहेबांना कारण सांगायचं, आणि कारण सांगितलं की नंबर त्यांच्याही हातात. गेल्या वर्षी रंगखात्यातल्या एकाला फिट आली, तर आठवड्याच्या आत त्याला 'प्रकृतीला जपा' म्हणून घरी बसवलं होतं. तोंडाने अगदी गोड बोलून. अळणीने हात जोडले होते ते उगाच नाही. तिने स्वतःशी ठरवलं, साडेबारापर्यंत शोधायचं. नाही सापडला तर साहेबांच्या दारात. आपण शहाणपणा करतोय की घाबरटपणा, हे तिला त्या वेळी कळत नव्हतं, आणि विचार करायला वेळही नव्हता.

ती पहिल्यांदा धावली कँटीनच्या स्वयंपाकघरात.

तिथे मामांचं राज्य. मामा म्हणजे मुख्य आचारी. बावीस वर्षं त्याच चुलीपाशी. कारखान्याच्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे मामा, आणि स्वतःच्या सख्ख्या भाच्यांना त्यांना मामा म्हणायची संधी क्वचितच मिळालेली, कारण माणूस घरी असायचाच कधी? सुरुवातीला त्यांनी कॅलरीबाईला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. "पुस्तकात बघून रस्सा होतो का?" म्हणायचे. मग कँटीनलाही पानं मिळायला लागली, कारखान्याच्या सगळ्या शाखांत यांचं कँटीन पहिलं आलं, आणि मामांचा सूर बदलला. आता ते भाजी चिरताना पोरांवर खेकसायचे, "नीट चीर! पानं जातील आपली!"

चार मोठी पातेली वाफाळत होती. मामा एका पातेल्यावर वाकून उभे होते, एक हात ओट्यावर टेकवून.

"मामा, आज मीठ कुठलं घातलंय?"

"तुझंच. दुसरं आहे कुठे?"

"बंद करायचं. आत्तापासून. जुनं मीठ आणा."

मामांनी वळून पाहिलं. "काल डोक्यावर घेऊन नाचलीस, आज बंद? रस्सा झालाय, डाळ झालीय. तीनशे माणसांचं अन्न मोरीत ओतू की काय?"

तिने त्यांना ओट्याच्या कडेला नेलं, आवाज खाली आणला आणि सांगून टाकलं. कुणीतरी आहे. किडनीचा आजार आहे. लपवलाय. मीठ त्याला बाधतंय.

हातातला डाव मामा फडक्याने पुसत राहिले. पुसलेलाच डाव पुन्हा पुसला.

"कितपत बाधतं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हृदय बंद पडू शकतं, मामा. न सांगता. त्याला ठोके चुकल्यासारखं वाटायला लागलंय, म्हणजे वेळ फार नाही."

"आणि तो कोण ते तुला माहीत नाही."

"नाही. घंटा झाली की मी माइकवरून घोषणा करते, ज्याला किडनीचा त्रास आहे त्याने—"

"आणि तीनशे जणांच्या देखत कोण हात वर करणार, पोरी?" मामा अगदी हळू म्हणाले. "इतके दिवस अळीमिळी गुपचिळी करून बसलेला माणूस तुझ्या माइकला घाबरून उठेल?"

तिने माइकचा विचार सोडून दिला.

"सापडला तर काय करशील? साहेबांना सांगशील?"

"नाही सांगणार. मी तसं लिहिलंय त्याला."

मामांनी मान हलवली. मग एका पोराला हाक मारून साधा भात वेगळा शिजवायला सांगितला, मिठाचा कणही न घालता, आणि अंडी उकडायला. "जो कुणी असेल तो हे खाईल," म्हणाले. "आता जा तू. जेवण वाढून होऊ दे, मग मीही शोधतो त्याला तुझ्याबरोबर."

तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. या एवढ्या कारखान्यात आपल्या बाजूचं कुणीतरी आहे, असं तिला वाटलं. घाईत तिने एवढंही पाहिलं नाही की बोलताना तो माणूस सगळा वेळ ओट्याला टेकूनच उभा होता.

खोलीत येऊन तिने ॲपमधले अळणीच्या ताटांचे फोटो उघडले. तीन आठवड्यांचे सोळा. प्रत्येक ताटात चिमणीच्या चाऱ्याएवढं. दोन घास भात, जरासा रस्सा, टोमॅटोच्या चार फोडी आणि केळं. आणि ॲपने प्रत्येक ताटाला तीन-तीन पानं दिली होती! "शाब्बास! कमी खाल्लंत, फळ खाल्लंत!" टोमॅटो आणि केळं, म्हणजे पोटॅशियमवर आणखी पोटॅशियम. ते शाब्बास तिच्याच आवाजात होतं, आणि ते तिला ऐकवेना.

जेवण जात नाही, नुसती चव बघतो. भूक मेलेला माणूस. चिवडत बसणारा. असा कोण? तिने डोळ्यांसमोर सगळे बाक आणले. जुळणीखात्यातला लांबोडका? तो तर तीनदा भात घेतो. गोदामातला अबोल माणूस? त्याची बायको डबा देते.

मग तिला फोटोंवरच्या वेळा दिसल्या. तीन वाजून दहा. सव्वातीन. तीन वीस. सगळेच त्या सुमाराचे.

दुसरी पाळी! दुपारी तीनला येणारी माणसं. म्हणजे हा साडेबाराला जेवतच नाही, आत्ता घरीच असणार; साडेनऊला फोन हाताशी होता तो त्यामुळेच. तिने केवढा तरी श्वास सोडला. तीन तास हाताशी होते. पण मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्याहून वाईट. घरी आहे, तर फोन कुलुपात नाही. मग उत्तर का वाचलं नाही? झोपलाय? की पडलाय कुठे?

बारा वाजून गेले होते. दुसऱ्या पाळीतल्या बहात्तर जणांची यादी काढून तिने एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. काय विचारायचं तेही धड ठरलेलं नव्हतं. "हॅलो, मी कारखान्यातून, आहाराबद्दल... तब्येत कशी आहे?" एक म्हणाला झकास, एकाच्या आईने फोन घेतला आणि स्वतःच्याच गुडघ्यांचं गाऱ्हाणं मांडलं, एकाने चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला. आठव्या फोनला तिच्या लक्षात आलं की या गतीने संध्याकाळ होईल.

बारा वीस. ती पुन्हा कँटीनकडे निघाली. तिथे भांडी घासणाऱ्या मावशी होत्या. त्या दिवसभर नळापाशी बसतात आणि कोण कधी आलं, कोण काय टाकून गेलं, हे कुठल्याही ॲपपेक्षा त्यांना जास्त माहीत.

"मावशी, दुसऱ्या पाळीतलं सव्वातीनला कोण जेवायला येतं?"

"सव्वातीनला?" मावशी हसल्या. "दुसरी पाळी पावणेतीनला जेवून कामावर जाते. सव्वातीनला कँटीनला कुलूप. तेव्हा आम्हीच बसतो जेवायला, आतली माणसं."

"आतली म्हणजे?"

"मी, ही दोन पोरं, आणि मामा."

कॅलरीबाईने दारातून आत पाहिलं. मामा चौथ्या पातेल्यापाशी उभे होते. त्यांनी डाव बुडवला, डावातला रस्सा तळहातावर घेतला, जिभेने टिपला, डोळे मिटले. मान हलवली. पोराला म्हणाले, "चव अजून बसली नाही. आण इकडे मीठ." मूठभर टाकलं, ढवळलं, पुन्हा डाव, पुन्हा तळहात.

नुसती चव बघतो.

तो माणूस चिवडत नव्हता. तो खरोखरच चव बघत होता. चार पातेली, दोन वेळचं जेवण, दर पातेल्याला दहा-दहा वेळा. आणि नवं मीठ खारटपणाला कमी, म्हणून मूठ जास्त, आणि मूठ जास्त म्हणून चव पुन्हा. ॲप ताट मोजत होतं. तळहात मोजायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. काखेत कळसा आणि बाई बहात्तर गावांना वळसा घालून आली होती.

"मामा!"

तिच्या ओरडण्याने डाव त्यांच्या हातातून पडला. की तो आधीच सुटत होता, कोण जाणे. ते डाव उचलायला वाकले आणि त्यांना उठता येईना. पोरांनी धरून त्यांना कांद्याच्या पोत्यावर बसवलं. चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता.

"तुम्ही अळणी," ती म्हणाली.

मामांनी आधी पोरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हळू बोल."

"मी एवढं सांगितलं तुम्हाला! हृदय बंद पडतं म्हणाले! तेव्हा का नाही बोललात? आणि त्यानंतरही चव बघत राहिलात?"

"न बघता कसं वाढणार? बावीस वर्षांत न चाखता वाढलं नाही कुणाला." त्यांनी दम घेतला. "म्हटलं एवढी एक पंगत उठू दे. मग जातो गुपचूप."

"पण हे मीठ खाल्लंत कशाला?"

"डॉक्टर म्हणाले होते, मीठ कमी कर. आणि तू घेऊन आलीस कमीवालं मीठ." मामा कसनुसं हसले. "मला वाटलं, माझ्यासाठीच आलं."

तिला रडू फुटलं असतं, पण रडायला सवड नव्हती. मावशींनी तोवर दवाखान्यातल्या सिस्टरला हाक मारून आणलं होतं. सिस्टरने मामांच्या बोटाला छोटं यंत्र लावलं, आकडा पाहिला, यंत्र काढून झटकलं, दुसऱ्या बोटाला लावलं. आकडा तोच: छत्तीस.

"नाडी छत्तीस," सिस्टर म्हणाली. "ॲम्ब्युलन्स बोलव."

कॅलरीबाईने फोन लावला, आणि तेवढ्यात घंटा झाली. बाहेर शेकडो पायांचा धडाका सुरू झाला, ताटांचा आवाज, आणि वाढायची खिडकी बंद पाहून आरडाओरडा. त्या गोंधळाने साहेब स्वतः खाली आले. इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. दारात उभे राहून म्हणाले, "काय झालं मामांना?"

"चक्कर," मामा म्हणाले. शब्द ओढून आणल्यासारखा. "चुलीपाशी उष्मा फार. बसतो जरा, होईल बरं."

फोनवरची बाई विचारत होती, "पेशंटला आधीचा काही आजार? काही खाण्यात आलंय?"

मामांनी कॅलरीबाईकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती आणि धाकही होता. मी कुणालाही सांगणार नाही, असं तिने लिहून दिलं होतं. तो निरोप अजून न वाचलेला, मामांच्या खुंटीवरच्या पिशवीतल्या फोनमध्ये पडला होता; स्वयंपाकघरातल्यांचे फोन कुलुपात जात नव्हते. पण तोंडीही तिने शब्द दिला होता, सकाळी, याच ओट्यापाशी. साहेब चार पावलांवर होते. बाहेर जाऊन बोलावं म्हटलं तर दारात तेच उभे. कुजबुजावं तर पलीकडची बाई म्हणत होती, "मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

तिने डोळे मिटले आणि मोठ्याने बोलली.

"मूत्रपिंडाचा जुना आजार आहे. तीन आठवडे पोटॅशियमचं मीठ खाण्यात आलंय, रोज, पुष्कळ. नाडी छत्तीस आहे. पोटॅशियम वाढलंय असं समजूनच या. मी इथली आहारतज्ज्ञ बोलतेय. मीठ मीच दिलं होतं."

मामांनी मान दुसरीकडे वळवली, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिच्याकडे परत पाहिलं नाही.

हॉस्पिटलमधली डॉक्टरीण तरुण होती आणि तिला फार बोलायची सवय नव्हती. तिने मामांच्या छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी वाचली, दोन इंजेक्शनं दिली आणि त्यांना डायलिसिसच्या खोलीत पाठवून दिलं. बाहेर येऊन म्हणाली, "मिठाचं सांगितलंत म्हणून बरं झालं. नुसती चक्कर म्हणाला असतात तर आम्ही रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसलो असतो, आणि तेवढा वेळ यांच्याकडे नव्हता."

मामी आल्या त्या घरातल्या चपलांवरच. बाकावर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि शेजारी बसलेल्या या मुलीला, कोण कुठली न विचारता, सांगायला लागल्या. "आमच्याकडे किती सांभाळून होतं सगळं. घरचं मीठसुद्धा बदललं मी. फोनवर ती बाई सांगते ना, तसंच. हे रोज लावायचे तिचं बोलणं. म्हणायचे, ऐक, शिकलेली पोर आहे, खोटं नाही सांगणार."

"मामी," कॅलरीबाई म्हणाली, "ती बाई मीच."

मामींनी तिला नीट पाहून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मामी एवढंच म्हणाल्या, "फोनवर मोठी वाटतेस."

"चूक माझी आहे. किडनीच्या माणसाने ते मीठ खायचं नाही, एवढी एक ओळ सांगायची होती. मी ती काढून टाकली."

"का गं?"

याला उत्तर होतं, सात सेकंदांचं उत्तर होतं, पण ते या बाईसमोर तोंडातून निघेना.

संध्याकाळी पाचला साहेबांचा फोन आला. आवाज अगदी मायेचा. मामांना म्हणावं, कशाची काळजी करू नका. पूर्ण आराम करा. आता मात्र अशा प्रकृतीत चुलीपाशी उभं राहणं बरं नाही, कंपनीचीही काही जबाबदारी असते. उद्यापासून दुसरा आचारी बघतोय. आणि हो, त्या मिठाचं बाहेर फार बोलू नका, ॲपचं नाव खराब होईल.

ती आत गेली तेव्हा मामा जागे होते. एका हाताला नळ्या लावलेल्या. ओठांना रंग परत आला होता. तिने साहेबांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. गोड करून सांगायचं तिच्या मनात आलं होतं, पण दिवसभरात कमी सांगितल्याचे परिणाम तिने पुरेसे पाहिले होते.



"जीव वाचवलास," मामा म्हणाले, "आणि तोंडचा घास काढलास."

"हो, मामा."

"आता तुझे उपकार मानू, की तुला चार शिव्या हासडू?"

"शिव्या द्या. मला तेच बरं वाटेल."

"तुला बरं वाटावं म्हणून मी नाही देणार." त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "तू काय करणार आता?"

"उद्या सकाळी साहेबांकडे जाते. सगळं लेखी देते. मीठ मी आणलं, सूचना मी कापली, तुमचा त्यात दोष नाही. तुम्ही बसून काम करू शकता, पोरांना शिकवू शकता, चव दुसरा कुणी बघेल. ते ऐकेपर्यंत उठणार नाही. आणि घंटेच्या वेळी माइकवरून सगळ्यांना सांगते, काय झालं ते. त्यांनी नको म्हटलं तरी."

"तुलाही काढतील."

"काढतील."

"मग माझी जागा परत मिळेल?"

"माहीत नाही, मामा."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, दुपारनंतर पहिल्यांदा. रागावलेच होते, राग कुठे गेला नव्हता. पण त्या रागातही ते तिचा चेहरा निरखत होते, बावीस वर्षं खिडकीतून ताट पुढे करताना एकेकाचा निरखायचे तसा.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

तिला आठवेना. खरंच आठवेना. आठ महिने ती तीनशे माणसांना रोज हा प्रश्न विचारत आली होती.

"काही नाही," ती म्हणाली.

"मग आधी जेव. उपाशीपोटी भांडायला गेलेलं माणूस रडून परत येतं." मामांनी मोकळ्या हाताने दाराकडे खूण केली. "मामीने माझ्यासाठी डबा आणलाय, मला तर चालायचा नाही. तू खाऊन घे. मीठ त्यात तुझंच आहे."

ती दाराबाहेर गेली. मामींनी न बोलता डबा उघडून तिच्यापुढे सरकवला, आणि ती रडत रडत जेवली.